खड्डा खणण्यापूर्वी : पडीक जमिनीतील अवशेष आणि आपली वृक्षलागवड

शाळेमागील माळावर वृक्षलागवड करण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी उदार हस्ते देणगी दिली. रोपे वाफ्यात कमरेएवढी झाली आहेत. खड्डे मात्र अद्याप खणलेले नाहीत. हा विलंब का, अशी विचारणा अनेकांनी पत्राने आणि प्रत्यक्ष भेटीत केली, आणि ती रास्तच आहे. माळाची पायी पाहणी करून जुन्या अवशेषांची नोंद झाल्याखेरीज तेथे कुदळ लावू नये, ही आम्हा शिक्षकांची विनंती संस्थेने मान्य केली, हे त्याचे उत्तर. या विनंतीमागील कारणे स्मरणिकेच्या वाचकांसमोर सविस्तर मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतींत, वनविभागात, शाळांत आणि रोजगार हमीच्या कामांवर जबाबदारीने काम करीत आहेत. त्यांच्या हातून दरवर्षी आपल्या माळाच्या कैक पट जमीन खणली जाते. म्हणून हे लेखन केवळ एका माळापुरते नाही.

वृक्षलागवडीला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात वने आणि उपवने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे व पाणपोया घालणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याची, विहिरी खणल्याची आणि वाटेवर झाडे लावल्याची नोंद आहे. सातव्या स्तंभलेखात वडाची सावली आणि आमराया यांचा उल्लेख येतो. झाड लावणे हा आपल्यासाठी धम्माचाच भाग आहे. प्रश्न आहे तो झाड कोठे लावावे याचा, आणि ते लावण्यापूर्वी जमिनीकडे कसे पाहावे याचा.

वृक्षलागवडीसाठी कोणती जमीन निवडली जाते ते आठवून पाहावे. पिकाखालची काळी जमीन कोणी देत नाही, आणि ते योग्यच आहे. निवड होते ती मुरमाड माळाची, टेकडीच्या उताराची, गायरानाची, पूर्व विदर्भात ज्यास सरकारी कागदांत झुडपी जंगल म्हणतात त्या जमिनीची. या जमिनीला आपण सरसकट पडीक म्हणतो. पडीक म्हणजे जिच्यावर काही नाही ती, असा अर्थ आपल्या मनात रुजला आहे. इतिहासाच्या दृष्टीने स्थिती नेमकी उलट आहे. जी जमीन शतकानुशतके नांगराखाली आली, तिच्यावरील जुने अवशेष फाळाने विस्कटून गेले, दगड बांधावर गेले, खापरांचा चुरा झाला. जी जमीन नांगराखाली आलीच नाही, तिच्यावर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची मांडणी जशीच्या तशी राहिली. हे अवशेष वाचले ते जमीन पडीक होती म्हणून, आणि आज वृक्षलागवडीसाठी तीच जमीन निवडली जाते तीही पडीक आहे म्हणून. संकट आहे ते या योगायोगात, कोणाच्या वाईट हेतूत नाही.

नागपूर जिल्ह्यातील शिलावर्तुळे हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, रायपूर, भागीमहारी ही नावे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. मोठमोठे ओबडधोबड दगड वर्तुळात मांडलेले, आत लहान दगडगोटे व मुरूम यांचा भराव, आणि त्याखाली लोहयुगातील माणसांची दफने. काळ साधारणपणे इसवी सन पूर्व पहिल्या सहस्रकाचा. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातील अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची वर्तुळे उकरली आणि काही दगडांवरील वाटीसारख्या लहान खळग्यांच्या ओळींची नोंद केली. माहूरझरीला १९७० नंतर डॉ. शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात घोड्यांची हाडे आणि घोड्याच्या मुखावर चढवण्याचा तांब्याचा साज मिळाला. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. आपल्या परिसरात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळणारे, मणी घडवणारे, घोडा बाळगणारे आणि आपल्या मृतांसाठी एवढे कष्ट घेणारे लोक राहत होते. त्यांनी लिहिलेले एक अक्षरही आपल्यापाशी नाही. त्यांचे सारे बोलणे त्या दगडांच्या मांडणीत आणि त्याखालच्या मातीच्या थरांत आहे.

शिलावर्तुळ पाहण्याची सवय नसलेल्या माणसाला ते दिसतच नाही, हेही सांगितले पाहिजे. निम्मे दगड मातीत बुडालेले, मधूनमधून दोन-चार कोणी जोत्यासाठी नेलेले, वर बोर आणि तरोटा माजलेला. आतला भराव जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच. ज्याला खड्ड्यांची आखणी करायची आहे त्याच्या दृष्टीने ती थोडी दगडाळ जागा, इतकेच.

आता हिशोब पाहू. तीन मीटर अंतराने रोपे लावायची म्हटले तर एका हेक्टरात सुमारे १,१११ खड्डे बसतात. प्रत्येक खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल धरला तर एका हेक्टरातून सुमारे २४० घनमीटर माती उपसली जाते. पुरातत्त्वज्ञ चार मीटर लांबी-रुंदीचा चर एक मीटर खोल नेतात तेव्हा १६ घनमीटर माती हलते, आणि त्यासाठी परवाना, आराखडा, छायाचित्रे, थरवार नोंदी आणि महिनोन्‌महिने श्रम लागतात. म्हणजे एका हेक्टराच्या लागवडीत अशा पंधरा चरांइतकी माती दोन दिवसांत उपसली जाते, आणि तिची एक ओळही कोठे लिहिली जात नाही. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी झाडांचे उद्दिष्ट होते, ते २०१९ साली ३३ कोटींवर गेले. त्या आकड्याकडे पाहताना झाडे किती जगली असा प्रश्न सर्वांनीच विचारला. कुदळीखाली काय गेले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल.

मजूर कुदळीने खणतो तेव्हा निदान दगड लागला की थांबतो. जेसीबी थांबत नाही. उतारावर सलग समतल चर काढले जातात तेव्हा तर एकच रेघ पाच-सात वर्तुळांना मधोमध कापून जाते. पाणलोटाच्या दृष्टीने ते काम उपयुक्त असते, यात शंका नाही. म्हणूनच चराची रेघ आखण्यापूर्वी दहा-पंधरा पावले वर किंवा खाली सरकवावी लागली तर कोणाचे काहीच बिघडत नाही. रेघ एकदा खणली गेली की मात्र मागे घेता येत नाही.

खड्ड्यापाठोपाठ मुळे येतात. झाडाचे मूळ मातीचे थर भेदून खाली जाते, वरच्या थरातील कोळसा आणि खापराचे कण खालच्या थरात नेते, आणि मूळ कुजले की त्याच्या पोकळीतून वरची माती खाली ओघळते. पुढे कधी कोणी शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि कालमापनासाठी कोळशाचा नमुना उचलला, तर तो मूळ थरातला की मुळाबरोबर खाली आलेला, हे ठरवणे अवघड होऊन बसते. जुने विटांचे बांधकाम असेल तर पिंपळासारखा शत्रू दुसरा नाही. आपण बौद्ध लोक पिंपळाला बोधिवृक्ष म्हणून वंदन करतो आणि तो लावण्यासाठी परिसरातील सर्वांत उंच, सर्वांना दिसेल अशी जागा शोधतो. ती उंच जागा नैसर्गिक आहे की खाली काही दडलेले आहे, हे आधी पाहिले पाहिजे. ज्या स्तूपाचे स्मरण म्हणून आपण पिंपळ लावतो, त्याच स्तूपाच्या विटा त्याच्या मुळांनी उचकटाव्यात, हा केवढा विरोधाभास!

उंचवट्याचा विषय निघाला म्हणून पांढरीविषयी थोडे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी किंवा पांढरीची टेकडी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, मातीच्या भिंती आणि खापरे एकमेकांवर साचून ती माती भुरकट-पांढरी झालेली असते. शेतकऱ्यांना तिची सुपीकता ठाऊक असल्यामुळे गाड्या भरभरून ही माती शेतात नेली गेली, घरे सारवण्यासाठी नेली गेली, आणि कित्येक टेकड्या अशाच सपाट झाल्या. ओस पडलेल्या गावाला विदर्भात रिठी म्हणतात. जमिनीच्या कागदांत एखादे गाव रिठी म्हणून नोंदलेले असेल तर तेथे कधीकाळी माणसे राहत होती हे सरकारनेच लिहून ठेवले आहे, असे समजावे.

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे जगन्नाथ टेकडी नावाचा असाच उंचवटा होता. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले आणि विदर्भातील एका प्राचीन महास्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे होती. एका शिल्पात रिकाम्या आसनावर फणा धरलेला नागराज असून, तो मुचलिंद होय, असे तेथेच कोरलेले होते. बुलडाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप मिळाला, आणि तो सापडतो न सापडतो तोच जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्राची छाया त्यावर पडली. या दोन्ही ठिकाणी निदान नोंद झाली आहे.

नोंद झाली नाही म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी विदर्भाबाहेरची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १७९४ साली काशीच्या जगतसिंग नावाच्या दिवाणाच्या माणसांनी बांधकामाच्या विटांसाठी सारनाथचा एक स्तूप उकलला. आत दगडी पेटीत करंडक आणि अस्थी मिळाल्या. त्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. भगवान बुद्धांनी जेथे धम्मचक्र प्रवर्तन केले त्या भूमीवरील धर्मराजिक स्तूपाचा आज केवळ गोल पाया उरला आहे. त्या माणसांनी हे द्वेषाने केले असे म्हणता येत नाही. त्यांना विटा हव्या होत्या, आणि अस्थींची विल्हेवाट त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे आदरानेच लावली. त्यानंतर ८८ वर्षांनी, १८८२ साली, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा उंचवटा विचारपूर्वक, मध्यभागातून खणला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक मिळाले. कोणती वस्तू कोठे, कशात, कशाभोवती होती ते त्यांनी लिहून ठेवले. म्हणून आज आपण सोपाऱ्याच्या स्तूपाविषयी बोलू शकतो. दोन्ही ठिकाणी माती आणि विटाच होत्या. फरक पडला तो खणणाऱ्याच्या दृष्टीत आणि वहीत.

आपल्या समाजासाठी या वहीचे मोल अधिक आहे. ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी होती त्यांचा इतिहास पोथ्यांत, सनदांत आणि बखरींत सापडतो. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांचा इतिहास मातीत शोधावा लागतो. दुसरीकडे तो नाहीच. १९५६ साली धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले, याचे स्पष्टीकरण देताना परमपूज्य बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि बुद्धधम्माच्या प्रसारातील त्यांच्या वाट्याचा उल्लेख केला होता. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी पवनीच्या मातीतून फणा धरलेला मुचलिंद वर आला, तेव्हा विदर्भातील अनेक उपासकांच्या मनात काय उमटले असेल याची कल्पना करता येते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे मिळालेला शिलालेख असाच. प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, अशी अशोककालीन ब्राह्मीतील आज्ञा त्यावर आहे, आणि पुढे त्याच दगडावर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचाही लेख कोरला गेला. तो दगड आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत अजब बंगल्यात, आहे. कोणी तो पायरीला लावला असता तर अशोकाचा शब्द विदर्भापर्यंत पोहोचला होता याचा हा पुरावा आपण गमावला असता.

येथे एक सावधगिरीचा शब्द आम्हांस लिहावाच लागतो, आणि तो काही बांधवांना रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. प्रत्येक उंचवटा स्तूप नसतो आणि प्रत्येक कोरीव दगड विहाराचा नसतो. एखाद्या टेकाडावर चार मोठ्या विटा दिसल्या की लगेच पंचशील ध्वज रोवणे, सिमेंटचा चौथरा बांधणे, मूर्ती बसवणे, हा उत्साह समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे पुराव्याची हानी होते ती होतेच. रामटेकजवळच्या मनसरला १९९८ पासून झालेल्या उत्खननात मोठे विटांचे अवशेष उघडे पडले. काहींनी तेथे स्तूप व विहार पाहिला, तर डच संशोधक हान्स बाकर यांनी हिडिंबा टेकडीवरील वास्तू वाकाटक प्रवरसेनाने उभारलेले प्रवरेश्वराचे शैव देवस्थान मानले. हा वाद अभ्यासकांत चालू राहील. तो होऊ शकतो, कारण विटांचे आकार, थर आणि वस्तू नोंदवलेल्या आहेत. पाहणीला निघताना काय सापडले पाहिजे हे मनाशी ठरवून निघू नये. आपल्या माळावर शिलावर्तुळ मिळेल, गोंडकाळातील विहीर मिळेल, एखादे वीरगळ, एखादी जुनी कबर मिळेल, किंवा काहीच मिळणार नाही. जे आहे ते लिहायचे. कालाम सुत्ताचा आदर्श सांगणाऱ्या शाळेत दुसरी रीत शोभणार नाही.

पाहणी प्रत्यक्षात कशी करावी? तिचा आरंभ कागदांपासून होतो. तलाठ्याकडील गावनकाशा आणि सातबारा, विदर्भातील गावांसाठी निस्तारपत्रक, सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, जिल्हा गॅझेटियर. निस्तारपत्रकात गुरे चारण्याच्या, दहनाच्या, दफनाच्या, मुरूम काढण्याच्या जागा लिहिलेल्या असतात. जुनी दफनभूमी कोठे होती हे त्यावरून कळते. शेतांची आणि टेकड्यांची स्थानिक नावे फार बोलकी असतात. गढी, कोट, रिठी, पांढरी, राजाची टेकडी, राक्षसाचे गोटे अशी नावे लागली की तेथे पेन्सिलीने खूण करावी. शिलावर्तुळे गवळ्यांच्या राजवटीतील आहेत अशी लोकांची समजूत होती. समजूत चुकीची असेल, पण दगडांची मांडणी माणसाने केलेली आहे एवढे त्या लोकांनी अचूक ओळखले होते.

कागदांनंतर माणसे, आणि आमच्या मते हाच पाहणीचा सर्वांत श्रीमंत भाग आहे. गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, मोहफुले वेचणारे, जुने कोतवाल. शिवारातील कोणता दगड हलवलेला आहे, कोठे पावसानंतर मणी सापडत, कोठल्या जागी गुरे बसत नाहीत, हे त्यांना ठाऊक असते. येथे आपल्याच आज्यांची आणि आजोबांची आठवण करावी. गावगाड्यात महाराकडे शिवेची राखण होती. दोन गावांत हद्दीचा वाद लागला की त्याची साक्ष निर्णायक ठरत असे. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्यालाच जमिनीचा कोनाकोपरा सर्वांहून अधिक माहीत होता. त्या वतनातील वेठ बाबासाहेबांनी गुलामगिरी म्हणून नाकारली, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले, आणि ती गेली ते उत्तमच झाले. परंतु वेठीबरोबर त्या माणसांचे ज्ञानही हीन होते असे कोणी समजू नये. ऐंशी वर्षांची एखादी आजी काय सांगते ते नातवाने वहीत उतरून घ्यावे. ती वही आम्ही शाळेच्या ग्रंथालयात सांभाळू. तिला प्रश्न विचारताना मात्र उत्तर तिच्या तोंडी घालू नये. येथे स्तूप होता का, असे न विचारता, आजी, या जागेला काय म्हणत होते, असे विचारावे.

मग प्रत्यक्ष चालणे. यासाठी होळीनंतरचे दिवस उत्तम. गवत वाळून बसलेले असते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीचा थोडासाही चढउतार सावलीने उठून दिसतो. तीस विद्यार्थी पाच-पाच पावलांवर एका रांगेत उभे केले की शंभर मीटरहून रुंद पट्टा एका फेरीत पाहून होतो. सर्वांनी एकाच चालीने चालायचे, नजर जमिनीवर ठेवायची, आणि काही दिसले की हात वर करून थांबायचे. उचलायचे नाही, उकरायचे नाही. शिक्षकाने तेथे काठीला बांधलेली चिंधी रोवावी, क्रमांक द्यावा, शेजारी फूटपट्टी ठेवून आणि पाटीवर क्रमांक व उत्तरेचा बाण काढून छायाचित्र घ्यावे. मोबाइलवरील जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवू शकते. म्हणून विहिरीपासून किंवा हद्दीच्या दगडापासून टेपने मोजलेले अंतरही लिहावे. जेथे काही दिसले नाही त्या पट्ट्याचीही नोंद हवी. ‘येथे पाहिले, काही नाही’ हे वाक्य पुढच्या माणसाला फार उपयोगी पडते.

काय पाहायचे? एका बाजूस काळे व दुसऱ्या बाजूस तांबडे असे खापर. ते लोहयुगीन वस्तीची आणि दफनांची खूण असते. आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची, चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरची सपाट वीट. लोखंड गाळताना उरलेला काळा, जड, छिद्रे असलेला कीट. अकीक किंवा गारेचे मणी, गारगोटीची नखाएवढी धारदार पाती. आडवे पडलेले नव्हे तर कडेवर उभे केलेले मोठे दगड, आणि त्यांचा वाकत जाणारा क्रम. शेतातून वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग आणि शिलावर्तुळ यांतला भेद याच क्रमावरून ओळखता येतो. ढिगाला आकार नसतो.

काही सापडले तर पुढे काय, हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा त्यामागे एक भीती असते: सरकार जमीन घेईल. ही भीती खोटी पाडली नाही तर कोणताही शेतकरी आपल्या शेतातील दगड दाखवणार नाही. रातोरात बांधावर टाकील. वस्तुस्थिती अशी की केवळ नोंद झाल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वये एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित करावयाचे झाल्यास आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि हरकती ऐकाव्या लागतात. शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, हे २०१० च्या दुरुस्तीने आलेले नियम केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांना लागू आहेत. माळावर खापर सापडले म्हणून ते लागू होत नाहीत. मात्र जमिनीतून नाणी, दागिने किंवा मौल्यवान वस्तू निघाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठीची किमान किंमत कायद्यात अवघी दहा रुपये लिहिलेली आहे. पुरावस्तूंचा परवान्याविना व्यापार हा तर गुन्हाच आहे. एखादा सद्‌गृहस्थ मोटारीतून येऊन मण्यांचे आणि नाण्यांचे पैसे देऊ लागला तर त्याच्या गोडव्यास भुलू नये.

कळवायचे कोणाला? नागपुरात राज्य पुरातत्त्व विभागाचे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे, अशी दोन्ही कार्यालये आहेत, आणि नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्वशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. नकाशा, छायाचित्रे आणि क्रमांकांची यादी जोडून पत्र पाठवावे आणि पोच जपून ठेवावी. उत्तर लवकर येईलच असे नाही. ते येईपर्यंत त्या जागेवर खड्डा न खणणे आपल्या हाती आहे.

अवशेष मिळाले तर लागवड रद्द होणार का? मुळीच नाही. शिलावर्तुळ असेल तर कडेच्या दगडापासून पंधरा पावले मोकळी सोडायची, आणि वर्तुळे सहसा एकेकटी नसतात म्हणून दोहोंमधील जागाही सोडायची. त्या जागेवर गवत राहू द्यावे. गवताची मुळे उथळ असतात, माती धरून ठेवतात, आणि चार गुरांची सोयही होते. कुंपणाचे खांबसुद्धा त्यात रोवू नयेत. जेथे मातीत काहीच नाही अशी पाहणीने खात्री झाली तेथे आंबा, मोह, कडुनिंब, करंज खुशाल लावावेत. पिंपळ आम्ही शाळेच्या फाटकाजवळील सखल भागात सुचवला आहे. तेथे भराव अलीकडचा आहे, पाणी जवळ आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सावलीही मिळेल. टेकाडावरची जागा अधिक शोभिवंत दिसली असती, हे मान्य.

पाहणी होळीनंतरच्या पहिल्या दोन रविवारी, सकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरली आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अवश्य यावे. पायांत बूट, डोक्याला टोपी किंवा रुमाल, हातात काठी आणि पाण्याची बाटली असावी. माळावर साप आहेत. वही आणि पेन्सिल शाळा देईल. ज्यांच्या घरी त्या माळाविषयी बोलू शकणारे वडीलधारे आहेत त्यांनी त्यांना आदल्या संध्याकाळीच वसतिगृहात आणावे, राहण्या-जेवणाची सोय केलेली आहे. पाहणीचा नकाशा वैशाखी पौर्णिमेस सभागृहात लावला जाईल. त्यावर आक्षेप असतील ते पंधरा दिवसांत लेखी कळवावेत. त्यानंतर खड्ड्यांची आखणी होईल, आणि आषाढ पौर्णिमेस, वर्षावासाच्या आरंभी, पहिले रोप लागेल.